शरीर गरम असूनही तापलेल्या लोखंडासारखं अंधारात चमकत का नाही?
चमकतं, पण तो प्रकाश अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्यापेक्षा जास्त तरंगलांबीचा) असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. वीनच्या नियमानुसार (१८९३) वस्तू जितकी जास्त तापते, तितकी तिच्या सर्वाधिक उत्सर्जनाची तरंगलांबी कमी होते: २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने भागा, उत्तर मायक्रोमीटरमध्ये येतं. त्वचा साधारण ३०५ केल्विन, म्हणजे ९.५, आपल्याला दिसतं जेमतेम ०.४ ते ०.७. भट्टीतलं लोखंडसुद्धा १००० अंश सेल्सिअसला बहुतेक ऊर्जा अवरक्तातच सोडतं, दिसणारी लाली हा त्यातला अगदी छोटा भाग, आणि तीही ५२५ अंशांच्या आसपास दिसू लागते. मात्र हे गणित आदर्श कृष्णवस्तूचं आहे, म्हणजे अंगावर पडणारा सगळा प्रकाश शोषणाऱ्या आणि त्या तापमानाला जास्तीत जास्त किरण सोडणाऱ्या वस्तूचं. चकचकीत स्टील त्याच तापमानाला खूप कमी किरण सोडतं, म्हणून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बाहेरून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर आकडा बराच कमी येतो.