वाचकांचे प्रश्न : सशाच्या पोटातले जंत

प्रश्न : आमच्या दोन वर्षांच्या सशाच्या लेंड्यांवर पांढरे, दोऱ्यासारखे किडे वळवळताना दिसतात. वजन दीड किलो, खाणंपिणं ठीक. घरात कुत्र्याची जंताची गोळी आहे, ती अर्धी दिली तर चालेल? आणि कुत्र्यासारखं दर तीन महिन्यांनी औषध द्यावं लागतं का?

उत्तर : गोळी देऊ नका. कुत्र्याच्या गोळीत बहुधा दोन-तीन औषधं एकत्र असतात, शिवाय अर्ध्या गोळीत दीड किलोचा हिशेब बसत नाही. वर्णनावरून हे पिनवर्म दिसतात. माणसाला ते लागत नाहीत, मोठ्या सशाला फारसा त्रासही देत नाहीत; लेंडी तपासून खात्री मात्र करून घ्या.

यावर पशुवैद्य सहसा फेनबेंडाझोल देतात : किलोमागे 20 मिलिग्रॅम, रोज एकदा, पाच दिवस, मग दोन आठवड्यांनी पुन्हा तसंच. तुमच्या सशाला 30 मिलिग्रॅम लागेल. पातळ औषध 2.5 टक्क्यांचं असेल तर 1.2 मिलि, 10 टक्क्यांचं असेल तर फक्त 0.3 मिलि. बाटलीवरची टक्केवारी न वाचल्यामुळे चौपट डोस जातो, आणि या औषधाचा अतिरेक अस्थिमज्जेला झेपत नाही. म्हणून ससा आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवून तोला. सुई काढलेली सिरिंज समोरच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, बाजूने आत घाला आणि थेंबाथेंबाने सोडा. उताणं धरून पाजलं तर औषध फुफ्फुसात जातं.

दुसरा कोर्स टाळू नका. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारातून खातो, त्यांच्याबरोबर अंडीही परत पोटात जातात. शेपटीखालची घाण पुसा, गवत जमिनीवर न टाकता जाळीत ठेवा.

घरातल्या निरोगी सशाला तिमाही औषधाची गरज नसते. लेंडीची तपासणी पुरे.

प्रश्न : सहा आठवड्यांच्या पिल्लांना पातळ जुलाब होतात, पोट फुगलंय. हेच औषध द्यावं का?

उत्तर : नाही. या वयात पहिला संशय कॉक्सिडियाचा. तो कृमी नव्हे, एकपेशीय जीव आहे. फेनबेंडाझोल त्यावर चालत नाही. टोल्ट्राझुरिल किंवा सल्फा गटातलं औषध लागतं. 2.5 टक्क्यांचं टोल्ट्राझुरिल सरळ तोंडात देऊ नये, ते तीव्र अल्कधर्मी असतं. पाण्यातून देताना एक लिटरला 1 मिलि, दोन दिवस, आणि पाच दिवसांनी पुन्हा, असा प्रघात आहे. आजारी पिल्लू मात्र पाणीच पीत नाही, त्यामुळे त्याचा डोस आणि सलाईन डॉक्टरांकडूनच. सूक्ष्मदर्शकाखाली सशाच्या पोटातलं निरुपद्रवी यीस्ट कॉक्सिडियासारखं दिसतं, तेव्हा सशांची सवय असलेल्या डॉक्टरांनाच दाखवा.

लेंडीतून बाहेर पडलेली कॉक्सिडियाची बीजं संसर्गजन्य व्हायला साधारण एक ते चार दिवस घेतात, म्हणून लेंड्या रोज काढा. फिनेलने ती मरत नाहीत. पिंजरा रिकामा करून उकळतं पाणी ओता आणि कोरडा झाल्यावरच पिल्लं ठेवा. पावसाळ्यात ओला चारा तसाच टाकू नका. पिल्लू दहा-बारा तास काहीच खात नसेल तर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता दवाखाना गाठा.