क्युबन रश्शात बटाट्याचं पिठलं होतं

प्रश्न: ताई, क्युबाचं 'कार्ने कोन पापास', म्हणजे बीफ-बटाट्याचा रस्सा, कुकरात सगळं एकदम घालून 5 शिट्ट्या दिल्या. बटाटे विरघळले आणि मांस मात्र चामड्यासारखं! काय चुकलं?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: अहो, दोघांना एकाच वेळी कुकरात टाकलंत हेच चुकलं, बटाट्याला 15-20 मिनिटं पुरतात आणि कामाच्या बैलाचं मांस असेल तर तासभर सुद्धा कमी पडतो. पायाचं नाहीतर खांद्याचं अर्धा किलो घ्या, मोठे तुकडे करून तेलात चांगले लालसर परता. मग त्याच भांड्यात कांदा, हिरवी ढोबळी मिरची, लसूण मऊ होईपर्यंत परतायचं, याला ते सोफ्रितो म्हणतात, खरी चव इथेच आहे, घाई नको. टोमॅटो प्युरी, चमचाभर जिरेपूड, ओरेगॅनो, अर्धा कप कोरडी व्हाइट वाइन, पाणी, आणि मंद आचेवर झाकून ठेवा. मांसात काटा सहज शिरला की मगच बटाट्याच्या मोठ्या फोडी आणि मूठभर हिरवे ऑलिव्ह.

तमालपत्र आपलं घालू नका हां, त्याला दालचिनीचा वास येतो, ते लोक यात घालतात ते बे लीफ वेगळं. आणि गरम मसाला, नारळ नको, नाहीतर ते आपलं शागुतीच होईल! ते लोक साध्या पांढऱ्या भाताबरोबर खातात, मी मात्र दुसऱ्या दिवशी उरलेल्या रश्शात पोई, म्हणजे आपला गोव्याचा पाव, बुडवते.