नवा कार हॉलर घेताना: पैसे देण्याआधी जोडून बघा, गाडी चढवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत एडिसनला राहता, दारात ऑल व्हील ड्राइव्ह होंडा पायलट आहे, जुनी एस-२००० (होंडाचीच छोटी स्पोर्ट्स कार) मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कला ट्रॅक डेसाठी, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी चालवायला, न्यायची आहे, आणि डीलरकडे १८ फुटी, ७,००० पौंडांचा नवा स्टीलचा कार हॉलर, म्हणजे गाडी चढवून न्यायचा ट्रेलर, पसंत पडलाय. शनिवारी डिपॉझिट देऊन टाकू का?

या शनिवारी देऊ नका. ट्रेलर वाईट आहे म्हणून नाही. तुमची पायलट तो भरलेला ट्रेलर ओढायला पुरी पडत नाही म्हणून.

आकडेमोड साधी आहे, पण यार्डात उभं असताना ती कुणी करून देत नाही. ७,००० हा आकडा ट्रेलर आणि त्यावरचं सामान मिळून चालणाऱ्या कमाल वजनाचा आहे. त्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात. रिकामा १८ फुटी स्टीलचा ट्रेलर साधारण २,१०० ते २,२०० पौंड भरतो, म्हणजे त्यावर ४,८०० पौंड चढवता येतील. एस-२००० जेमतेम २,८०० ची, त्यामुळे ट्रेलरला काहीच जड नाही. आता तेच पायलटच्या बाजूने मोजा. ट्रेलर २,१५०, गाडी २,८००, त्यात टायरचा जादा सेट, जॅक, हत्यारं, पेट्रोलचे कॅन, पट्टे मिळून किमान ३०० धरा. झाले ५,२५०. पायलटची मर्यादा ५,०००. तीही गाडीत माणसं आणि सामान वाढेल तशी कमी होते. मॅन्युअलमधलं टोइंगचं प्रकरण एकदा शांतपणे वाचा.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा आहे, तो म्हणजे टंग वेट. ट्रेलरच्या दांडीचा जो भार हिचच्या (गाडीच्या मागच्या जोडणीच्या) बॉलवर येतो तो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे यायलाच हवा. ५,२५० चे १० टक्के म्हणजे ५२५, आणि पायलटचा हिच ५०० चा. म्हणजे नीट भरला तर हिचवर जास्त, आणि हिचला सांभाळायला ट्रेलरवरची गाडी मागे सरकवली तर ट्रेलर डोलणार.

ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढे जास्त भरली की गाडी धुरजड होते, बैलांच्या मानेवर येते. मागे जास्त भरली की उलाळ होते, जू वर उचललं जातं. माझे आजोबा पोती चढवून झाली की दांडी हाताने उचलून बघायचे, आणि एखादं पोतं हातभर पुढे किंवा मागे सरकवायचे. ट्रेलरचं गणित हेच आहे. फरक एवढाच की उलाळ बैलगाडी जागच्या जागी कळते, उलाळ ट्रेलर ६० मैलांच्या वेगात कळतो. आधी मागून हलकासा हेलकावा येतो, मग शेपूट हलावी तसा ट्रेलर डावी-उजवीकडे जायला लागतो. अशा वेळी स्टीअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि ब्रेक कंट्रोलरच्या (ओढणाऱ्या गाडीत बसवलेलं, ट्रेलरचे ब्रेक चालवणारं उपकरण) लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे.

मग तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. एक, अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर. तेवढ्याच लांबीचा साधारण १,५०० ते १,७०० पौंड भरतो, एकूण बेरीज ४,७०० च्या आसपास येते आणि पायलट कागदावर पास होते. पण काठावर. किंमत स्टीलच्या जवळपास दुप्पट पडते, आणि बायको-मुलं सोबत बसली की काठही सुटतो. दोन, आधी ओढणारी गाडी बदला: वापरलेली हाफ-टन (पूर्ण आकाराच्या पिकअपमधल्या हलक्या वर्गाची) पिकअप घ्या आणि मग हाच स्टीलचा ट्रेलर निश्चिंतपणे घ्या. मी दुसरा रस्ता सुचवेन. पिकअप बघतानाही जाहिरातीतल्या टोइंगच्या आकड्यावर जाऊ नका. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. टंग वेट त्याच आकड्यातून वजा होतं.

समजा गाडीचा प्रश्न सुटला. आता खरा ट्रेलर बघायला जा, आणि जुने कपडे घालून जा, कारण त्याच्याखाली झोपायचं आहे.

आधी प्लेट वाचा. चौकटीच्या डाव्या बाजूला, पुढच्या अर्ध्या भागात निर्मात्याचं लेबल असतं: जीव्हीडब्ल्यूआर, प्रत्येक अ‍ॅक्सलची क्षमता, टायरचा आकार, हवा, १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे ट्रेलरचा ओळख क्रमांक. सेल्समन काय म्हणतो त्यापेक्षा हे लेबल खरं. ७,००० च्या ट्रेलरला बहुधा ३,५०० चे दोन अ‍ॅक्सल असतात. टायर एसटी वर्गाचे, म्हणजे ट्रेलरचेच हवेत. २०५/७५ आर १५ लोड रेंज (भार पेलण्याचा वर्ग) सी असेल तर एक टायर ५० पीएसआय हवेच्या दाबाला १,८२० पौंड पेलतो, चार मिळून ७,२८०. भागतं, पण फार शिल्लक नाही. लोड रेंज डी मागितले तर थोडेच पैसे जास्त पडतात आणि प्रत्येक टायर ६५ पीएसआयला २,१५० पेलतो. मी डीच घेतो. टायरच्या बाजूवर डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा: ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. यार्डात दोन वर्षं उन्हात उभा असलेला ट्रेलर ‘नवा’ म्हणून विकायला कायद्याची आडकाठी नाही, पण ट्रेलरचे टायर नक्षी झिजून जात नाहीत, वयाने जातात. त्यामुळे ती दोन वर्षं तुमची गेली. तेवढी सूट किमतीत मागा.

खाली झोपल्यावर आडव्या पट्ट्या मोजा. दोन पट्ट्यांमधलं अंतर १६ इंच असेल तर उत्तम, २४ असेल तर स्वस्तातलं काम. वेल्डिंग अखंड आहे की टाके घातल्यासारखं तुकड्यातुकड्यात आहे ते बघा. पट्टे अडकवायच्या डी-रिंग लोखंडी चौकटीला वेल्ड केलेल्या हव्यात, नुसत्या फळ्यांना बोल्ट मारलेल्या नकोत. वायरी नळीतून नेल्या आहेत की लोंबकळताहेत तेही तिथूनच दिसतं.

ब्रेकवर मी जास्त बोलणार आहे, कारण माझा स्वतःचा अनुभव तिथला आहे. माझा पहिला ट्रेलर मी नवाकोरा घेतला, दिवे लागतात एवढं बघितलं आणि घरी आणला. पहिल्यांदा गाडी चढवून निघालो. गल्लीच्या टोकाला सवय म्हणून कंट्रोलरची लिव्हर दाबली, तर काहीच नाही. ट्रेलर मागून ढकलतच राहिला. तिथूनच परत फिरलो. खाली टॉर्च घेऊन बघितलं तर पांढरी वायर, म्हणजे ग्राउंड, रंगाच्या जाड थरावरच बोल्टने आवळलेली होती. लोखंडाला ती टेकलीच नव्हती. ट्रेलरला अर्थिंग बॉलमधून मिळत होतं, तेवढ्यावर दिवे लागायचे. ब्रेकच्या मॅग्नेटला लागणारा करंट तेवढ्यावर भागत नाही. रंग घासून पाच मिनिटांत काम झालं. पण लिव्हर न दाबता मी टर्नपाइकला, म्हणजे टोलच्या हायवेला, लागलो असतो तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर येतो. डीलरने ट्रेलर तपासल्याच्या फॉर्मवर सगळीकडे बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या.

म्हणून पैसे देण्याआधी हे डीलरच्या अंगणातच करा. ब्रेक कंट्रोलर बसवलेली तुमची स्वतःची गाडी घेऊन जा. सात पिनांचा प्लग लावा. ताशी १५-२० मैलांनी चालवून फक्त लिव्हर दाबा. ट्रेलरने तुम्हाला मागे खेचल्याचं जाणवलं पाहिजे. ब्रेक दोन्ही अ‍ॅक्सलवर आहेत ना, हे चाकांमागच्या वायरी बघून पक्कं करा; स्वस्त ट्रेलरमध्ये एकाच अ‍ॅक्सलवर देतात. मग ब्रेकअवेची पिन ओढा. ट्रेलर गाडीपासून सुटला तर छोट्या बॅटरीवर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत यासाठी ती असते. प्लग काढून, पिन ओढून गाडी हळूच पुढे घ्या, चाकं अडली पाहिजेत. हे बघायला कुणी नाही म्हणालं तर तिथून घेऊच नका.

एस-२००० पण सोबत न्या. हो, दोन गाड्या न्याव्या लागतील, दुसरी चालवायला एखाद्या मित्राला घेऊन जा. या गाडीचं नाक जमिनीला टेकायला आलेलं असतं. पाच फुटी रॅम्पवर पुढचा बंपर घासतो की नाही हे कागदावर कळत नाही. मागचा भाग खाली उतरता, म्हणजे डव्हटेल असेल तर मदत होते, तरी मी लाकडी फळ्या सोबत ठेवतो. आणि दाराचं बघा. ट्रेलरच्या दोन फेंडरमध्ये (चाकांवरच्या आच्छादनांमध्ये) साधारण ८२ इंच जागा असते, तुमची गाडी ६९ इंच रुंद. प्रत्येक बाजूला सहा-साडेसहा इंच उरले. इतक्या बुटक्या गाडीचं दार फेंडरवर आपटतं आणि चढवल्यावर तुम्ही आतच अडकता. ड्रायव्हरच्या बाजूचा फेंडर काढता येणारा मागा. गाडी साडेतेरा फूट लांब, डेक १८ फूट, म्हणजे पुढे-मागे सरकवायला जागा आहे. योग्य जागा सापडली की डेकवर रंगाने खूण करून ठेवा, दर वेळी चाक तिथेच.

किमतीबद्दल एकच: ‘आउट द डोअर’, म्हणजे सगळं धरून होणारा, आकडा लेखी घ्या. पाटीवरच्या किमतीवर फ्रेट (वाहतूक), प्रेप (ट्रेलर तयार करण्याचे पैसे), डॉक्युमेंट फी असं चढत जातं. न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, म्हणजे ५,००० डॉलरवर सुमारे ३३१. प्रेपचे पैसे लावले असतील तर वरची ब्रेकची तपासणी त्यातच झाली पाहिजे, असं स्पष्ट म्हणा. पैसे कमी करत नसतील तर स्पेअर चाक आणि त्याचा ब्रॅकेट मागा, हे बहुतेक देतात. निघताना निर्मात्याचं मूळ प्रमाणपत्र, ज्याला एमसीओ म्हणतात, त्यावर डीलरची सही आणि व्हीआयएन लेबलशी अंक-अंक जुळतोय का ते पाहा. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, त्याच्यावरच मिळतं.

घर टाउनहाउसमध्ये असेल तर असोसिएशनचे नियम आधी वाचा. ड्राइव्हवेत ट्रेलर ठेवू न देणाऱ्या बऱ्याच आहेत. इन्शुरन्स एजंटलाही विचारा. गाडीला जोडलेला असताना लायबिलिटी बहुधा तुमच्याच पॉलिसीत येते, पण ट्रेलर चोरीला गेला तर त्याची भरपाई वेगळी घ्यावी लागते. आणि मित्रांच्या गाड्या पैसे घेऊन पोचवायचा विचार मनात असेल तर थांबा: दुसऱ्या राज्यात धंदा म्हणून गेलात आणि पिकअप-ट्रेलरचं मिळून रेटिंग १०,००१ पौंड किंवा वर असलं, की फेडरल व्यावसायिक वाहनाचे नियम लागतात. ही बेरीज तुमच्या जोडीची सहज होते.

शेवटचं, चाकांच्या नटांचं. नव्या चाकाच्या आणि हबच्या (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) मध्ये रंग असतो, तो चालता चालता दबतो आणि घट्ट आवळलेले नट सैल होतात. टॉर्क रेंच डिकीत ठेवा. अर्ध्या इंची स्टडना साधारण ९० ते १२० फूट-पौंड लागतात, नेमका आकडा ट्रेलरच्या पुस्तकात बघा. डीलरकडून निघाल्यावर १० मैलांवर थांबून आवळा, मग २५ वर, मग ५० वर. माझ्या दुसऱ्या ट्रेलरचे दहाव्या मैलाला वीसपैकी सहा नट रेंचखाली फिरले होते. त्याच थांब्यावर हबला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर तिथूनच डीलरला फोन करा.