भीती वाटते म्हणजे देवावरचा विश्वास खोटा का?

तुम्ही लिहिलंय, चार महिने नोकरी नाही, रोज प्रार्थना करतो, तरी रात्री भीतीनं झोप लागत नाही. मग माझा विश्वास खोटा आहे का, आणि पूर्ण मनानं देवावर विसंबून जगायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. खोटा नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता. हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण, टळू दे, असं त्यानं जमिनीवर पालथं पडून पित्याला सांगितलं, आणि मत्तय लिहितो की तीच प्रार्थना त्यानं तीनदा केली. मार्कच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एका दमात. येशूनं त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणून परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं. रात्री दोन वाजता छातीत धडधडत असेल तर तुम्ही त्या बापाच्या रांगेत उभे आहात, इतकंच समजा.

आता दुसरा प्रश्न. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या मराठी शास्त्रात ‘परमेश्वरावर भाव ठेव’ असं आहे. मला हा शब्द फार आवडतो. आमच्या शेजारी एक माळकरी आजोबा राहायचे, त्यांच्याही तोंडी हाच शब्द असायचा. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, पण ख्रिस्ताला त्यांनी अभंगातच आळवलं. रविवारी उपासनेत पेटी-तबल्यावर त्यांची पदं म्हणताना वाटतं, आपल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. भाव ठेवणं म्हणजे जीव लावणं. ज्याला जीव लावला त्याच्यापासून घरातली एक खोली कुलूप लावून ठेवता येत नाही.

माझी कुलूप लावलेली खोली म्हणजे माझं काम. मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये तयार जॉब, म्हणजे यंत्राचे सुटे भाग, तपासायला होतो. चर्च, कौटुंबिक प्रार्थना, दशांश, सगळं नीट चाललं होतं. एकदा चाळीस हौसिंगच्या लॉटमध्ये अकरा जॉबचं बोअर, म्हणजे आतलं भोक, मापापेक्षा मोठं निघालं. भोक तपासायच्या प्लग गेजची जी नो-गो बाजू आत जायलाच नको, ती सरळ आत जात होती. मालक म्हणाले, “गाडी दारात उभी हाय, सही कर आणि सोड.” त्याआधी मी अशा सह्या केल्या होत्या, हे तुम्हाला खरं सांगतो. पण त्या दिवशी सकाळीच प्रार्थनेत ‘माझं सर्वस्व तुझं’ म्हणून आलो होतो आणि ते शब्द घशात अडकले. मी सही केली नाही. सही दुसऱ्या कुणीतरी केली आणि लॉट गेला. महिनाअखेरीस मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

पुढचे सात आठवडे मी घरी होतो. सभांतून ऐकू येणाऱ्या साक्षींमध्ये अशा वेळी दुसऱ्याच दिवशी दुप्पट पगाराची नोकरी लागते. मला लागली नाही. मुलीची फी थकली, बायकोची एक पाटली मोडली. देवाचा रागही आला आणि तो मी त्याच्याजवळ बोलून दाखवला. स्तोत्रं वाचा, दावीद किती तक्रारी करतो बघा. सात आठवड्यांनी शिरोलीला काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमीच. पण त्या दिवसांत एक गोष्ट झाली. ‘प्रभू, माझं भलं कर’ एवढीच असलेली माझी प्रार्थना बदलत गेली आणि मी त्याच्याशी बोलायला लागलो. यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

2019 च्या ऑगस्टचा महापूर तुम्ही ऐकला असेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमचं घर तळमजल्यावर. पाणी उंबऱ्याला लागू नये म्हणून आईनं रात्रभर प्रार्थना केली. पहाटे पाणी घरात आलं. गल्लीतल्या तरुण मंडळाच्या पोरांनी तिला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसल्यावर ती शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांची गोष्ट सांगू लागली. माझ्या मूर्तीला नमा, नाहीतर पेटत्या भट्टीत टाकतो, असं राजा धमकावतो, तेव्हा ते त्याला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्यानं नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. आई तिथं थांबली आणि म्हणाली, “बाळ, ते ‘तरी’ आहे न्हवं, त्यावरच मी आजपातूर जगले.” माझ्यासाठी तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका शब्दात आहे. बाकी मी सांगतोय ते त्याच्याच आजूबाजूचं.

आमच्या शहरात शुभवर्तमान आणणारे अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली इथं आले. मधली काही वर्षं त्यांच्या पाठीशी कुठलंही मिशन मंडळ नव्हतं, 1870 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं ते काम हाती घेतलं. त्यांच्या नावाच्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये बसलो की हे आठवतं. पगाराची शाश्वती नसताना त्यांनी शाळा चालवल्या, हातावर हात ठेवून बसले नाहीत. म्हणून विश्वास आहे तर अर्ज कशाला, डॉक्टर कशाला, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली दवाखाना उभा केला तो विश्वासानंच.

रोजचं विचारलंत म्हणून माझं सांगतो. साडेपाचला उठतो, एक अध्याय वाचतो, मोठा असेल तर अर्धाच. मग आज ज्याची भीती वाटते त्याचं नाव घेऊन मोठ्यानं सांगतो: हप्ता, साहेब, आईची साखर. मोघम बोललं की मन पळवाट काढतं. शेवटी विचारतो, आज तुझ्यापासून मी काय लपवतोय? हा प्रश्न टाळावासा वाटतो, आणि ज्या दिवशी टाळतो तो दिवस मला कळतो. पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. रात्री झोप नाहीच लागली तर उठून बसा, स्तोत्र 62 मोठ्यानं वाचा. आणि हे एकट्यानं ओढू नका. मंडळीत पाळकांना किंवा एखाद्या वडीलधाऱ्याला नोकरी गेल्याचं सांगा. मी लाजेनं पाच आठवडे सांगितलं नव्हतं. सांगितलं त्याच आठवड्यात मंडळीतल्या एका बाईंनी तांदळाची पिशवी दारात ठेवली, आणि शिरोलीच्या जागेची खबरही तिथूनच आली.

येत्या सोमवारी तुमची मुलाखत आहे म्हणालात. तुमचं नाव मला ठाऊक नाही. सोमवारी पहाटे मी ‘तो चार महिने घरी बसलेला भाऊ’ एवढंच म्हणेन, प्रभूला कळेल.