शक्तीचं एकक वॅट लिहिलं आणि मार्क गेला

प्रश्न असा आहे: "बल, संवेग, ऊर्जा आणि शक्ती यांची एककं पाठ करूनही गोंधळ होतो. त्यांचा एकमेकांशी संबंध कसा लक्षात ठेवायचा?"

पाठ करू नका. शब्दांच्या नादाला तर मुळीच लागू नका. शब्दापायी माझा एक मार्क गेला आणि वर जन्माचं टोपणनाव चिकटलं.

मी कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा, आठवीपासून कन्नड हायस्कूल, कारण जवळ दुसरं नव्हतंच. कन्नड बोलायला यायचं, वाचायला घाम फुटायचा. म्हणून महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मामेभावाचं विज्ञानाचं मराठी पुस्तक आणून रात्री तेच वाचायचो. नववीच्या परीक्षेत आलं, 'शक्तिय एकमान बरेयिरि', म्हणजे शक्तीचं एकक लिहा. मी डोळे झाकून 'वॅट' लिहिलो. (आमच्याकडे 'मी लिहिलो'च म्हणतात, पुणेकरांनी दुरुस्त करू नये.) सरांनी लाल फुली मारली. त्यांना ज्यूल पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते पुस्तक घेऊन टेबलापाशी गेलो. सरांनी एक पान उलटून बघितलं आणि परत दिलं. "इदु मराठी. इल्लि नडेयल्ल." हे इथं चालायचं नाही. वर्ग हसला, आणि मी 'वॅट' झालो. आता माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तरी बाजारात एकदोघं अजून "ए वॅट" म्हणूनच हाक मारतात.

खरी गोष्ट मला आयटीआयला गेल्यावर कळली. कन्नडात 'शक्ती' म्हणजे आपली ऊर्जा, आणि आपल्या शक्तीला ते 'सामर्थ्य' म्हणतात. म्हणजे सरही बरोबर आणि मीही बरोबर. एवढं सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं. मामेभाऊ म्हणतो कन्नड पुस्तकच चुकीचं, तोही मूर्खपणाच. किलो, मीटर आणि सेकंद यांत फोडून बघा की: ऊर्जा म्हणजे किग्रॅ·मी²/से², शक्ती म्हणजे किग्रॅ·मी²/से³. नाव काही का ठेवा, सेकंद खाली किती वेळा आला ते मोजा. एककं खोटं बोलत नाहीत.

आमच्या विहिरीवर ५ एचपीची मोटर आहे, पाटीवर ३.७ किलोवॅट. सेकंदाला १० लिटर पाणी २० मीटर वर चढवते. १० किलो पाण्याचा भार ९८ न्यूटन, हे बल. ते २० मीटर उचललं की १९६० ज्यूल, ही ऊर्जा. हे दर सेकंदाला चाललंय, म्हणून १९६० वॅट, ही शक्ती. उरलेले वॅट पंप आणि पाइप खातात.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. त्यासाठी बलाला अंतराऐवजी वेळेनं गुणायचं, न्यूटन-सेकंद. १०० मीटर पाइपात तेच पाणी धावताना त्याचा संवेग (सेकंदाला १० किलो गुणिले १०० मीटर) १००० किग्रॅ·मी/से भरतो, पाइप जाड असो की बारीक. वरचा कॉक अर्ध्या सेकंदात बंद केलात तर सरासरी २००० न्यूटनचा दणका. जोड निसटला म्हणून दुकानदाराला शिव्या घालू नका.

आता मामेभावाचं. पाचाची मोटर काढून साडेसातची बसवली तर बिल दीडपट येणार, हे त्याचं वीस वर्षांचं पालुपद. अरे, एचपी म्हणजे काम उरकायचा वेग, ७४६ वॅट. बिलातलं युनिट म्हणजे झालेलं काम, ३६ लाख ज्यूल. टाकी तीच, उंची तीच. मोठी मोटर लवकर भरेल आणि लवकर बंद होईल.

थोडं त्याच्या बाजूनंही सांगायला पाहिजे. तिकडे महाराष्ट्रात कित्येक शेतीपंपांना मीटरच नाही, बिल एचपीवर लागायचं, त्यामुळे त्याच्या कागदावर तो खरा होता. आता इकडे कर्नाटकात शेतीपंपाची वीज १० एचपीपर्यंत फुकट आणि तिकडे साडेसातपर्यंत, म्हणून वाद संपला असं त्याला वाटतं. शिवाय जुन्याच बारीक पाइपावर मोठा पंप लावला तर घर्षणात जास्त जातं आणि युनिटं थोडी वाढतातच. आणि पाटीवरचे ३.७ किलोवॅट शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, मिळणारे असतात, मीटर त्याहून जास्त दाखवतो.

आणखी एक. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, तोसुद्धा न्यूटन-मीटरमध्येच मोजतात, पण तो ज्यूल नव्हे, कारण तिथं बल आणि अंतर एकमेकांना काटकोनात असतात. म्हणजे एकक सारखं आलं तरी वस्तू वेगळी असू शकते. हे मात्र मामेभावाला सांगू नका.