पोलिसांवर तुमचा विश्वास आहे का? लोक एकीकडे सॅल्यूट ठोकतात आणि दुसरीकडे पोलीस स्टेशनची पायरी चढायला घाबरतात, असं का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की २६/११ ला सगळे शहीद पोलीस तुकाराम ओंबळेंचा फोटो स्टेटसला ठेवतात आणि त्याच लोकांना मोबाईल चोरीला गेला तरी पोलिसात जायला नको वाटतं, हे ढोंग आहे का. ढोंग नाही हो. मी स्वतः दोन्ही करतो.

याचं उत्तर द्यायला मी जरा बरा माणूस आहे कारण माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान पोलीस स्टेशनच्या बरोब्बर समोर आहे, मध्ये फक्त रस्ता आणि एक चहाचा गाडा. १६ वर्षं झाली. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, यापेक्षा जास्त सांगत नाही, उद्या सकाळी शटर मलाच उघडायचंय.

माझ्या कॉम्प्युटरवर एक फाईल आहे, नाव 'गहाळ'. दुकानातली सगळ्यात जास्त उघडली जाणारी फाईल तीच. "मा. पोलीस निरीक्षक साहेब यांस, विषय: मोबाईल गहाळ झालेबाबत." नाव, तारीख, फोनचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर) तेवढा बदलायचा, प्रिंट काढायची, २० रुपये. आता गंमत बघा, माणूस पहिल्यांदा दुकानात येतो तेव्हा सांगतो की एसटी स्टँडवर गर्दीत खिशातून मारला, मी तसं टाईप करून देतो, तो रस्ता ओलांडून आत जातो आणि दहा मिनिटांत तोच कागद हातात घेऊन परत येतो. "ते म्हणतात चोरी लिहू नका, हरवला लिहा, म्हणजे लगेच सही-शिक्का मिळेल." मग मी 'चोरीस गेला' खोडून 'गहाळ झाला' करतो. एक शब्द. त्याला सिमकार्ड परत मिळतं, आणि आत रजिस्टरला चोरी लागत नाही.

असं का करतात तर त्यामागे दुष्टपणा वगैरे फार नसतो, हे मला चहाच्या गाड्यावरच कळलं. दर महिन्याला जिल्ह्याला साहेबांसमोर गुन्हे आढावा बैठक असते, तिथे किती गुन्हे दाखल आणि किती उघड हे विचारतात, आणि स्टँडवरचा मोबाईलचोर काही सापडायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. मग जो गुन्हा उघड होणार नाही तो दाखलच का करा. पीआयच्या, म्हणजे ठाण्याच्या पोलीस निरीक्षकाच्या बाजूने बघितलं तर हिशेब सरळ आहे, आणि ज्याचा पंधरा हजाराचा मोबाईल गेला त्याच्या बाजूने बघितलं तर त्याला त्याच दिवशी कळतं की खरं बोललो तर काम होत नाही. अविश्वास तिथून सुरू होतो. नुसत्या मारामारीच्या आणि हप्त्याच्या बातम्या वाचून एवढा होत नाही, या एका शब्दाने होतो.

आता खरं तर मोबाईल परत मिळण्याचं प्रमाण वाढलंय, २०२३ पासून ते सीईआयआर पोर्टल सगळ्या देशात चालू झालं, त्यावर आयएमईआय टाकला की फोन ब्लॉक होतो आणि कुणी त्यात दुसरं सिम घातलं की माग लागतो. आमच्याकडे वर्षातून एकदा मुद्देमाल परत करायचा कार्यक्रम असतो, मांडव, बुके, फोटो. त्यात माझ्याच हाताने 'गहाळ' टाईप केलेल्या लोकांना फोन परत मिळालेले मी बघितलेत, आणि ती माणसं हात जोडून खरंच मनापासून साहेबांचे आभार मानत होती. मी पण टाळ्या वाजवल्या.

माझं स्वतःचं सांगतो. माझी स्प्लेंडर दुकानाच्या मागच्या बोळातून गेली. म्हणजे पोलीस स्टेशनपासून शंभर पावलांवर. मी समोरचा माणूस, रोज कुणी ना कुणी माझ्या काउंटरवर कोपर टेकून पेपर वाचतं, त्यामुळे मला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे. ठाणे अंमलदार, म्हणजे टेबलावर तक्रार घेणारा, म्हणाला, "अरे कोण तरी मित्राने नेली असेल, दोन दिवस शोध की." दोन दिवसांनी गेलो तर साहेब बंदोबस्ताला. मग "उद्या ये". मग ज्याच्याकडे आमच्या भागाचं बीट आहे तो रजेवर. असे नऊ दिवस. इन्शुरन्सवाले एफआयआरशिवाय दारात उभं करत नव्हते. शेवटी एका नगरसेवकाने फोन केला आणि त्या संध्याकाळी मला आत खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि अर्ध्या तासात गुन्हा दाखल. मला त्या दिवशी आनंद कमी आणि लाज जास्त वाटली, कारण गेली कित्येक वर्षं मी लोकांना "काय नाही, जा बिनधास्त" म्हणून आत पाठवत होतो आणि त्यांच्याकडे फोन करणारा कोणीच नव्हता.

(गाडी सात महिन्यांनी सापडली. कोर्टातून सोडवून आणेपर्यंत मागच्या आवारात पडून टाकी गंजली होती, सीटमध्ये कुत्रीने पिल्लं घातलेली.)

आणि याच बिल्डिंगमधली दुसरी गोष्ट. माझा चुलतभाऊ बाजारात शेळ्या विकून टेम्पोतून येत होता, हायवेला रात्री अपघात झाला आणि तो जागेवरच गेला. आम्ही सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. एक हवालदार होता, रिटायरमेंटला आलेला, पोट सुटलेलं, ज्याला बघून लोक 'मामा, मामा' करून हसतात तसला. त्याने मरणोत्तर पंचनाम्यात भावाच्या अंगावरची एकेक वस्तू लिहिली होती: बंडीच्या आतल्या खिशात रोख १८,६४० रुपये, वर पाचची तीन नाणी, काच फुटलेला मोबाईल, चुन्याची डबी, बाजाराची पावती. चुन्याची डबी! अपघात झाला तेव्हा तिथे पन्नास माणसं गोळा झाली होती, पोलीस यायच्या आधी आणि नंतर, आणि त्या पैशाला कुणाचा हात लागला नाही याचं कारण तो माणूस एकटा. सगळे कागदी सोपस्कार झाल्यावर चुलतीच्या हातात पैसे देताना म्हणाला, "काकू, माझ्यासमोर मोजून घ्या." ती कसली मोजते. मग त्यानेच तिच्या पदरात एकेक नोट मोजून ठेवली आणि मला सही करायला लावली.

आजही आमच्या घरात पोलिसांना शिव्या घातल्या की चुलती म्हणते, सगळे तसले नसतात.

मला विचाराल तर फरक इथे आहे. त्याच ठाण्यातली माणसं, पण एका ठिकाणी चुन्याची डबीसुद्धा कागदावर आली आणि दुसरीकडे अख्खी मोटारसायकल नऊ दिवस कागदावर यायला तयार नव्हती. लोक आभार मानतात ते माणसाचे, त्या हवालदाराचे, आणि घाबरतात ते त्या टेबलाला, कारण टेबलामागे आज कोण बसलंय आणि त्याला कुणाचा फोन आलाय यावर सगळं अवलंबून आहे. तुकाराम ओंबळे मूळचे आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. हातात नुसती काठी असताना त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळे तो जिवंत सापडला. त्यांचा फोटो ठेवताना लोक पोलीस खात्याला मार्क देत नसतात, त्या माणसापुढे वाकत असतात. त्याच हल्ल्यात गेलेले पोलीस अधिकारी करकरे, कामटे, साळसकर यांचंही तेच.

आणि भीतीलाही कारण आहे, लोक उगीच घाबरत नाहीत. आमच्या भागात २०१७ ची सांगलीची केस कुणीच विसरलेलं नाही. चोरीच्या गुन्ह्यात धरलेला पोरगा पळून गेला म्हणून पोलिसांनी सांगितलं आणि मग बाहेर आलं की तो कोठडीतच मेला आणि त्याचं प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं, फौजदारासकट पोलिसांनाच अटक झाली. त्यानंतर कितीतरी महिने माझ्या दुकानात आया यायच्या, पोराला चौकशीला बोलावलंय, तुम्ही जरा बरोबर चला म्हणून. बायकांची भीती तर त्याहून जुनी. विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, हायकोर्टाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडून दिलं, त्यावर देशभर एवढा गदारोळ झाला की १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला. हा इतिहास किती जणींना माहीत असेल सांगता येत नाही, पण "एकटी जाऊ नकोस" हे घरोघरी सांगितलं जातंच. म्हणून कुणी बाई आली की मी सांगतो, तुम्हाला साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल तर तो घरी येऊन घ्यायचा असा नियम आहे, ठाण्यात बोलावता येत नाही. बऱ्याच जणींचा विश्वासच बसत नाही.

आता पोलिसांची बाजू पण ऐका, कारण ती मला रोज दिसते. आरोपीला २४ तासांच्या आत कोर्टात उभं करावं लागतं, त्यामुळे रात्री साडेबाराला शटर वाजवून मला उठवतात, रिमांडच्या (कोठडी मागायच्या) कागदांचे चार सेट, आणि त्याचे पैसे तो तपासी अंमलदार स्वतःच्या खिशातून देतो किंवा वहीत लिहायला लावतो. माझ्या उधारीच्या वहीची निम्मी पानं खाकी आहेत. (हो, आणि फिर्यादीलाच कागदाचं रीम आणायला सांगणारे पण बघितलेत. रीम माझ्याकडूनच जातं, मी काय बोलणार.) विसर्जनाच्या रात्री माझ्या पायरीवर बूट काढून बसलेला पोरगा, पायाला बुटाचे वळ, मोबाईल चार्जिंगला लावून घरच्या गणपतीची आरती व्हिडिओ कॉलवर बघत होता आणि दोन मिनिटांत वायरलेसवर नाव पुकारलं तसा अर्धी आरती सोडून पळाला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांनीच आपल्या मागण्यांसाठी आंदोलन केलं होतं, ते सरकारने मोडून काढलं. आठ तासांची ड्युटी हा साधा विषय, त्याचा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस स्टेशनला सुरू व्हायला २०१६ उजाडलं, आणि ती कल्पनासुद्धा एका शिपायाची होती. आमच्याकडे अजून बारा तास म्हणजे नशीब म्हणायचं. अशा माणसासमोर तुम्ही संध्याकाळी सातला चोरीची तक्रार घेऊन उभे राहिलात तर तो हसून या बसा म्हणेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

बरं, वरचे साहेब तरी टिकतात का. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच सांगितलंय की ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षं हलवू नका, तपास करणारे आणि बंदोबस्त करणारे पोलीस वेगळे करा. माझ्या १६ वर्षांत समोर १२ पीआय येऊन गेले. त्यातला एक असा आला होता की त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, चोरी म्हणून आला तर चोरीच लिहा. माझी 'गहाळ' फाईल तेव्हा पाच-सहा महिने जवळजवळ बंद होती. गुन्ह्यांचा आकडा फुगला, पेपरात बातमी आली 'तालुक्यात चोऱ्या वाढल्या', आणि त्याची बदली झाली. बदली त्याचमुळे झाली का हे मी सांगू शकत नाही, पण चहाच्या गाड्यावर सगळ्यांनी तोच अर्थ काढला.

तुम्ही शेवटी विचारलंय की मग सामान्य माणसाने करायचं काय. फार काही नाही. तोंडी सांगून परत येऊ नका, कागद द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. दखलपात्र गुन्हा (चोरीसारखा, ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) दिसत असेल तर एफआयआर घ्यायलाच पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी केसमध्ये २०१३ मध्ये सांगितलंय, थोडे अपवाद आहेत. हद्द आमची नाही म्हणाले तरी झिरो नंबरने एफआयआर नोंदवून योग्य ठाण्याला पाठवावा लागतो. कॉपी फुकट मिळते. घेतच नसतील तर एसपींना (जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक) पोस्टाने पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. आणि बोलताना आवाज चढवू नका, ठाणे अंमलदाराला बक्कल नंबर विचारून दम देणारे हिरो मी बरेच बघितले, त्यांचं काम सगळ्यात उशिरा होतं.

तो पंचनामावाला हवालदार तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला. मागच्या दिवाळीच्या आधी दुकानात आला, बाजारात त्याचा स्वतःचा मोबाईल मारला होता. मी फाईल उघडली आणि विचारलं, "काका, गहाळ टाकू ना?" चिडला. "गहाळ कसला, चोरी लिही. ३४ वर्षं काढलीत मी तिथं." लिहून दिलं. रस्ता ओलांडून आत गेला, बाहेरूनच दिसत होतं, पोरांनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा सांगितला.

पाऊण तासाने परत आला. कागद काउंटरवर ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "पोरं चांगली आहेत रे. एवढा एक शब्द बदल."