आजी तेच पुस्तक पुन्हा पुन्हा का वाचते?

चि. सईस, अनेक आशीर्वाद.

परवा आजीशी फोनवर बोलून झाल्यावर तू विचारलंस, "आजी सारखी ज्ञानेश्वरीच का वाचते? संपली की पुन्हा पहिल्या अध्यायापासून! शेवट माहीत आहे ना तिला? आणि इतकं वाचून माणूस खरंच शहाणा होतो का?" मी कामाला निघायच्या घाईत होते, आणि हे उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

तुमच्या शाळेत पुस्तक वाचून झालं की त्यावर रिपोर्ट लिहायचा आणि पुढचं घ्यायचं. गोष्टीच्या पुस्तकांना ते ठीक आहे. ज्ञानेश्वरी तशी वाचत नाहीत. १८ अध्याय, ९ हजारांच्या आसपास ओव्या. आजी रोज त्यातल्या थोड्याच वाचते आणि मध्येच एखाद्या ओवीपाशी थांबून राहते. पुढे काय होणार याची तिला उत्सुकता नसतेच. त्या दिवशी आपण कसे वागलो, कुणाला काय बोललो, हे ती त्या ओवीशी ताडून बघत असते.

पसायदान तुला पाठ आहे. त्यातली दुसरी ओवी मोठ्यानं म्हण बघू:

जे खळांची व्यंकटी सांडो । तया सत्कर्मीं रती वाढो ।
भूतां परस्परें पडो । मैत्र जीवांचें ॥

सांडो, वाढो, पडो अशी तीन यमकं एकामागून एक येतात आणि चौथा चरण आखूड, यमकाशिवाय सुटा राहतो. त्यामुळे कान थांबतो तो नेमका 'मैत्र जीवांचें' वर. आता अर्थ बघ. दुष्टांच्या मनातला वाकडेपणा गळून पडो, त्यांना चांगलं वागण्याची गोडी लागो, सगळ्या जिवांचं एकमेकांशी मैत्र जुळो. दुष्टांचा नाश व्हावा, असं त्यात कुठेही नाही.

आणि हे मागतंय कोण? ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशाला हा ग्रंथ पुरा केला, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. संन्याशाची पोरं म्हणून या भावंडांना समाजानं वाळीत टाकलं होतं, आईवडिलांनी त्यापायी देह ठेवला, असं परंपरा सांगते. कुणाला शाप द्यायचा झाला तर त्यांच्याकडे कारण होतं. त्यांनी हे मागितलं. मराठीत याहून मोठं मागणं कुणी मागितलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

वर्गातल्या त्या मुलीनं तुला ग्रुपमधून वगळलं, तेव्हा तू म्हणालीस, तिला चांगली अद्दल घडली पाहिजे. राग येणारच गं. टीचरना सांगितलंस तेही योग्यच केलंस. पण तिचं वाईट व्हायला हवंय, की तिचा तो वाकडेपणा जायला हवाय? या दोन्हींत किती अंतर आहे, ते एकदा शांतपणे बघ. आजी ओवीपाशी थांबते ती असल्याच प्रश्नासाठी.

आपल्याकडे हे प्रश्न दुसऱ्याला विचारायची रीत नाही, आपल्याच मनाला विचारायची आहे. समर्थ रामदासांनी २०५ श्लोक लिहिले ते मनाला उद्देशून. 'जनीं सर्व सूखी असा कोण आहे' असं ते विचारतात, आणि पुढे मनालाच सांगतात, तूच शोधून पाहा.

आता शहाणपणाचं. त्यासाठी वाचता यायलाच हवं असंही नाही. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) शेतकरीण होत्या, त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचायच्या; ती इतरांनी लिहून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. मन म्हणजे उभ्या पिकात शिरलेलं ढोर, कितीही हाकला, फिरून पिकावरच येतं, असं त्यांनी म्हटलंय. अभ्यासाला बसलं की तुझं मन कुठे धावतं ते आठव! रामदास मनाला समजावतात, बहिणाबाई त्याला न्याहाळतात. मला दोघंही लागतात.

नुसतं वाचून कुणी शहाणं होत नाही, हे मात्र खरं. तुकोबा तर स्पष्टच सांगतात: 'बोले तैसा चाले, त्याची वंदीन पाउलें'. धाकट्या आजोबांशी घराच्या वाटणीवरून बोलणं तुटलं होतं, तुला माहीत आहे. ते आजारी पडले तेव्हा डबा घेऊन पहिल्यांदा गेली ती आजी. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं, आणि परत आल्यावर त्याबद्दल ती काही बोललीही नाही. हे ज्ञानेश्वरीमुळे झालं का, ते मी कसं सांगणार? ते तिलाच विचार.

रविवारी फोन करशील तेव्हा सध्या कुठला अध्याय चालू आहे ते विचार, आणि ती कुठल्या ओवीपाशी थांबली, तेही. ती भरभरून बोलेल, घाई करू नकोस. जुने शब्द अडले तर लिहून ठेव, आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
आई